सुभेदारसाहेबांची अट

या लेखात सुभेदारसाहेबांचे नाव येणार नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांला त्यांच्यावर लिहावयास सांगितले आणि आम्ही होकारही दिला. परंतु नाव लिहिण्याची मोकळीक मंडळालाही नाही आणि आम्हांलाही नाही. २००९ साली मुलांच्या वसतिगृहाचा पाया भरला जात असताना त्यांनी वहीचे एक पान फाडून त्यावर निळ्या शाईने लिहून दिलेली अट शाळेच्या कपाटात अजून आहे. इमारतीला नाव देऊ नये, पाटी लावू नये, फोटो लावू नये, आणि 'मी गेल्यावरही हेच', एवढाच तो मजकूर. खाली सही, हुद्दा, सैन्यातील क्रमांक आणि तारीख. ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्या वाचकांना नाव सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना 'सुभेदार' एवढे पुरे, असे ते स्वतः म्हणाले असते. आमचे मत तसे नव्हते आणि आजही पूर्णपणे तसे नाही.

'सुभेदार' हा शब्द आपल्या घरांत नुसता हुद्दा म्हणून कधी आलेला नाही. तो उच्चारला की प्रथम सुभेदार रामजी सकपाळ आठवतात. महूच्या छावणीतील लष्करी शाळेत शिकविणारे, पोराच्या पुस्तकांसाठी पैसा उभा करणारे आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी आजारपणात डोळे मिटणारे. त्यांच्या सेवेच्या अखेरच्या काळातच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या छावण्यांमुळे आपल्या दोन-तीन पिढ्यांना अक्षरओळख झाली, त्या छावण्यांचे दार लागले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून ते दार थोडे उघडले, गरज सरताच पुन्हा लागले. आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली तेव्हा कोठे ते कायमचे उघडले. दुसरी बटालियन १९४२ मध्ये आमच्या कामठीत उभारली गेली. हा सारा इतिहास आम्ही एम.ए.च्या अभ्यासात वाचला. सुभेदारसाहेबांनी तो वाचला नव्हता. त्यांचा जन्मच कामठीचा, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९७५ साली, ते त्याच रेजिमेंटमध्ये भरती होऊन सागरच्या प्रशिक्षण केंद्रात गेले. अठ्ठावीस वर्षांनी परतले.

आमची भेट २००६ साली झाली. शाळा तेव्हा आठ वर्षांची होती. टिनाच्या चार खोल्या आणि अर्धवट उठलेली एक भिंत, एवढाच पसारा. एका दुपारी जुन्या स्कूटरवरून एक ताठ गृहस्थ आले, 'जय भीम' म्हणाले आणि आमच्याशी पुढे काही न बोलता त्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. एक डोळा मिटून त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"सर, हे भिंत ओळंब्यात नाई."

आम्ही म्हणालो, "गवंडी गावातलेच होते. फुकट काम केले बिचाऱ्यांनी."

"फुकट केलं म्हनून वाकडं करा लागते काय?"

त्यांनी ती भिंत पाडावयास लावली. पंधरा दिवसांनी दोन ट्रक विटा आल्या. राखाडी रंगाच्या, कडा धारदार, सगळ्या एकसारख्या. आमच्या भागात तोवर लाल विटाच माहीत होत्या. मुले त्या राखाडी विटांना हात लावून पाहत आणि ही वीट की दगड, असा वाद घालत.

त्या विटांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सुभेदारसाहेबांचा उत्तरार्ध त्यांतच गेला. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांत कोळसा जळतो आणि मागे राखेचे डोंगर उरतात. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत होणाऱ्या विटांमध्ये ही राख वापरणे बंधनकारक केले आणि २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत वाढविली. सुभेदारसाहेब निवृत्त झाले तेही त्याच वर्षी. त्यांचे बहुतेक सोबती सुरक्षारक्षकांच्या नोकरीत शिरले. "देशाच्या दारावर अठ्ठावीस वर्सं उभा रायलो, आता कोनाच्या बंगल्याच्या दारावर नाई," असे म्हणून त्यांनी निवृत्तीचा पैसा, पत्नीचे दागिने आणि बँकेचे कर्ज घातले आणि २००४ साली राखेच्या विटांचा कारखाना काढला. राख, वाळू, चुना आणि जिप्सम यांचे मिश्रण यंत्रात दाबून ही वीट होते. तिला भट्टी लागत नाही. ती भाजायची नसते; दोन-तीन आठवडे पाणी मारून पिकवायची असते. "लाल वीट आगीनं पक्की होते, माही वीट पान्यानं," हे त्यांचे आवडते वाक्य. त्यांची आई लाल विटांच्या भट्टीवर मजूर होती. गारा तुडविणे, कच्च्या विटा वाळत घालणे, डोक्यावर आठ-दहा विटांची चवड घेऊन भट्टीवर चढणे, हे तिचे आयुष्य. भट्टी नसलेली वीट करण्यात त्यांना एवढा आनंद का वाटत असे, हे आम्हांला पुष्कळ उशिरा समजले.

विटेच्या वरच्या अंगाला एक खळगा असतो. त्यात कारखानदाराचे नाव उमटविण्याची रीत आहे. सुभेदारसाहेबांच्या पहिल्या साच्यात त्यांचे आडनाव होते. सैन्यात छातीवरच्या पट्टीवर ते अठ्ठावीस वर्षे वागविले होते. विटेवर ते घालताना त्यांना विचार करण्याचे कारण वाटले नाही. कारखाना सुरू होऊन चार महिने झाले आणि जवळच्या एका गावातील बांधकामावरून दोन ट्रक माल परत आला. ठेकेदार भला माणूस होता, स्वतः सांगावयास आला. माल उत्तम आहे, भावही परवडतो. परंतु घरमालकाने विटेवरचे आडनाव वाचले आणि देवघराच्या भिंतीत ही वीट नको असे तो म्हणाला. "नावाचं तेवढं पाहा ना, सुभेदार," असे ठेकेदाराने सुचविले.

सुभेदारसाहेबांनी साच्याची पट्टी बदलली. नव्या पट्टीवर फक्त एक आकडा होता: ४१. लोकांना तो व्यापारी छाप वाटला. "एक्केचाळीस नंबर द्या" असे म्हणून गिऱ्हाइके माल मागू लागली. ज्या घरमालकाने दोन ट्रक परत केले, त्याच्याच गल्लीतील तीन घरे पुढे ४१ ने उभी राहिली. तो आकडा रेजिमेंटच्या जन्मवर्षाचा आहे हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. आम्हांलाही त्यांनी सांगितले नव्हते. इतिहासाचा माणूस म्हणून आम्ही तो ओळखला आणि त्यांना विचारले, तेव्हा ते प्रथमच मोकळेपणाने हसले.

या स्मरणिकेत त्यांच्या दातृत्वाविषयी इतरांनी लिहिलेच असेल, म्हणून त्याची मोजदाद आम्ही करीत नाही. त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू मात्र कोणी लिहिणार नाही असे वाटते आणि ती राहून गेली तर चित्र अपुरे राहील. ते कडक होते, आणि कित्येकदा चुकीच्या जागी कडक होते. २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी ते स्वतः करून घेत. २०१० साली सातवीतील एका मुलाचा पाय सारखा चुकत होता. सुभेदारसाहेबांनी त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर वीट धरून मैदानाला फेऱ्या मारावयास लावले. पाचव्या फेरीला मुलगा कोसळला. तो शुद्धीवर आला, पाणी प्याला, हसलाही. परंतु आमचा तोल गेला. त्या मुलाचे आईवडील भट्टीवर काम करणारे, वर्षातील सहा महिने गावाबाहेर राहणारे. आम्ही सर्व मुलांच्या देखत सुभेदारसाहेबांना म्हणालो, "याच्या आईच्या डोक्यावरची वीट उतरावी म्हणून ही शाळा आहे. तुम्ही ती पोराच्या डोक्यावर ठेवलीत."

ते एक शब्द बोलले नाहीत. स्कूटर काढून निघून गेले. त्यांच्या आईविषयी आम्हांला तेव्हा काही माहीत नव्हते. असते तर आम्ही ते वाक्य बोललो असतो का, याचे उत्तर आम्हांला आजतागायत देता आलेले नाही. वाक्य खरे होते, पण ते आम्ही चाबकासारखे वापरले होते.

चार महिने ते शाळेत फिरकले नाहीत. विटा येत राहिल्या. मे महिन्याच्या सुट्टीत, शाळेत चार-दोनच मुले असताना, ते आले. तो मुलगा त्यांतच होता, कारण त्याचे आईवडील अजून परतले नव्हते. सुभेदारसाहेब त्याच्यापुढे सावधान उभे राहिले, जसे वरिष्ठापुढे उभे राहावे तसे, आणि म्हणाले, "माही चूक झाली." मुलगा घाबरून आमच्याकडे पाहू लागला. मग सुभेदारसाहेब आमच्याजवळ बसले आणि आईची सारी हकिकत सांगितली. त्यानंतर त्यांनी कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा केली नाही. ओरडणे मात्र शेवटपर्यंत चालू होते.

२०११ साली आम्ही नववी-दहावीच्या मुलांची सहल भीमा-कोरेगावला नेली, तेव्हा ते सोबत होते. १ जानेवारीची गर्दी टाळून आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. स्तंभाजवळ आमच्याखेरीज कोणी नव्हते. आम्ही मुलांना १८१८ ची लढाई सांगितली आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे दिलेल्या भेटीचे महत्त्व सांगितले. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या चिन्हावर हाच स्तंभ होता आणि नंतरच्या चिन्हात त्याच्या जागी खंजीर आला, हेही सांगितले. सुभेदारसाहेब ऐकत नव्हते. ते स्तंभावर कोरलेली नावे बोट फिरवून वाचीत होते. मृत सैनिकांच्या त्या यादीत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. त्यांनी त्यांतील प्रत्येक नाव मोठ्याने वाचले. हजेरी घ्यावी तसे, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबून.

परतीच्या वाटेवर आम्ही आमचा जुना वाद उकरून काढला. आम्ही म्हणालो, "सुभेदारसाहेब, ही नावे कोणी कोरली नसती तर आपल्याजवळ काय राहिले असते? आपला इतिहास नावावाचून बुडाला. तुम्ही आपल्या हाताने आपले नाव पुसता, हे इतिहासाच्या शिक्षकाने कसे मान्य करावे?"

ते म्हणाले, "ते लढाईत मेले होते, सर. मेलेल्याचं नाव कोरावं. मी तं फक्त इटा देल्या."

आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. आमच्या मनात जे होते ते बोलून टाकले, की ही नम्रता नसून तो परत आलेला दोन ट्रक माल आहे. एकदा कोणी नावावरून वीट नाकारली म्हणून तुम्ही नावच काढून टाकलेत आणि आता त्यालाच त्याग म्हणता. असे बोलण्याचा अधिकार आम्हांला होता की नाही, कोण जाणे. गाडीत बराच वेळ शांतता होती. नगर मागे पडल्यावर ते बोलले.

"नाव पाहून इट नाकारनारा मानूस मी पाह्यला, सर. तुमी म्हनता ते खरं हाये, ते लागलं मले. पन नाव पाहून वाकनारं लेकरू मले नाई पाह्यजे. त्या खोलीत झोपनाऱ्या पोरानं सकाळी उठून माह्या नावाले नमस्कार कराचा? काहून? त्याची जागा हाये ते."

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. 'त्याची जागा आहे ती' हे वाक्य शिक्षण हक्कावरील कितीतरी व्याख्यानांपेक्षा आम्हांला अधिक काळ पुरले.

एक गोष्ट ते फार थोड्या वेळा बोलले, ती श्रीलंकेची. १९८७ साली शांतिसेनेबरोबर त्यांची पलटण तेथे गेली. महार रेजिमेंटच्याच आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्या मोहिमेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, हे मुलांना आम्ही शिकवितो. सुभेदारसाहेब त्यावर काही भर घालतील अशी मुलांची अपेक्षा असे. ते घालीत नसत. एकदाच आम्हांला म्हणाले, की बुद्धाच्या देशात दोन वर्षे राहिलो आणि बुद्ध दिसला नाही. उत्तरेकडचे जंगल, ताडाची झाडे आणि पायवाटेवरचे सुरुंग एवढेच पाहिले. अनुराधपूर रस्त्याने काही तासांवर होते. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाची शाखा तेथे आजही आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक होते. सुट्टी मात्र नव्हती. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला बौद्ध परिषदेसाठी गेले होते, हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "ते कायघेऊन गेले होते?" आम्ही म्हणालो, वही-पेन्सिल असेल. "मी रायफल घेऊन गेलतो," ते म्हणाले. "एकदा रिकाम्या हातानं जाचं हाये."

त्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढला. २०१९ च्या फेब्रुवारीत जावयाचे ठरले होते. आम्हीही सोबत जाणार होतो. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली, जेवण जाईना, आणि तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे निघाले. मधुमेह जुना होता. रक्तदाब होता. शिवाय गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ते वर्षानुवर्षे खात आले होते; तक्रार न करण्याची सवय अशी आतून वसूल करते. मुलाने मूत्रपिंड देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. जूनपासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झाले. माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेमुळे खर्चाचा भार पडला नाही. वेळेचा आणि शरीराचा पडला. प्रत्येक खेपेला चार तास खाटेवर. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतका पडून राहिलो नाही, असे ते म्हणत.

डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. तेथे बोट ठेवले की आत सारखी थरथर लागते. मंगळवारी आणि गुरुवारी ते शाळेत येत तेव्हा मुले त्या जागी बोट ठेवून पाहत. "इंजिन चालू हाये का?" ते विचारीत. "चालू हाये, साहेब," मुले ओरडत. आमच्या एका विद्यार्थिनीने आज परिचारिकेचे शिक्षण घेतले आहे. तिने प्रथम नाडी पाहिली ती त्या मनगटावर.

सर्वांत कठीण होते ते पाणी. दिवसभरात सगळे मिळून एक लिटर. चहा, वरण, औषधाबरोबरचा घोट, सारे त्यातच. नागपूरचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली त्यांच्याजवळ असे आणि ती ते घोटाघोटाने, घड्याळ पाहून संपवीत. कारखान्यात विटांच्या थप्प्यांवर दिवसातून तीन-चार वेळा नळीने पाणी मारले जाई, आणि ते खुर्ची टाकून समोर बसत. आम्ही एकदा म्हणालो, आत बसा, येथे त्रास होतो. ते म्हणाले, "इटाले तं पिऊ द्या. त्याइचं वय हाये."

दर वर्षी २० मार्चला आम्ही महाडच्या चवदार तळ्याचा तास घेतो. २०१९ साली ते मागच्या बाकावर येऊन बसले. १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, त्यामागोमाग हजारोंनी घेतले, ते पाणी तहानेचे नव्हते तर माणूसपणाचे होते, असे आम्ही दरवर्षीप्रमाणे सांगितले. तास सुटल्यावर ते काठी टेकीत जवळ आले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी तळं खुलं केलं, सर, अन् माह्या डॉक्टरनं बंद केलं." आम्ही मोठ्याने हसलो. त्यांनीही बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावले. पुढच्या वर्षीपासून तो तास घेताना 'ते पाणी तहानेचे नव्हते' हे वाक्य आमच्या तोंडून निघत नाही.

२०२० च्या टाळेबंदीविषयी सर्वांच्याच आठवणी आहेत, म्हणून थोडक्यात. शाळा बंद, मुले घरी, आणि सुभेदारसाहेब पास दाखवीत आठवड्यातून तीनदा दवाखान्यात. कारखान्यावर छत्तीसगडची अकरा कुटुंबे अडकली होती. त्यांना त्यांनी पायी जाऊ दिले नाही. लष्करी पद्धतीने लंगर लावला, सकाळ-संध्याकाळ हजेरी घेतली, आणि जाऊ पाहणाऱ्या एका तरुणाची सायकल कुलूप लावून ठेवली. तो तरुण त्यांना आजही शिव्या देतो आणि आजही त्याच कारखान्यात आहे.

२०२२ साली वर्षावास सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, डायलिसिसहून परतल्यावर त्यांच्या हृदयाने साथ सोडली. वय सहासष्ट. आदल्या आठवड्यात आम्ही भेटलो तेव्हा त्यांनी एकच विचारले होते, नव्या स्नानगृहाच्या भिंतीला ओलावा येतो आहे, ते पाहिले का. कालकथित सुभेदारसाहेबांचा जलदान विधी शाळेच्या मैदानावर झाला. भंतेजी त्रिशरण-पंचशील देत होते, मुले ओळीने बसली होती, आणि विधीसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याकडे आमचे लक्ष पुनःपुन्हा जात होते.

दोन महिन्यांनी व्यवस्थापनाची बैठक झाली. वसतिगृहाला त्यांचे नाव द्यावे असा ठराव त्यांच्या मुलानेच मांडला. आम्ही त्याच्या बाजूने बोललो. कोरेगावहून परततानाचे त्यांचे शब्द आम्ही सभेपुढे ठेवले: मेलेल्याचे नाव कोरावे, असे तेच म्हणाले होते, आता त्यांची अट त्यांच्याच शब्दांनी सुटते. युक्तिवाद आम्हांला बिनतोड वाटत होता. सुभेदारसाहेबांच्या पत्नी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते लढाईत मेलेल्याइचं बोलले होते, सर. हे तं दवाखान्यातून येऊन मेले."

आम्ही त्यांना म्हणालो, "सुभेदारीणबाई, रामजीबाबाही अंथरुणावरच गेले. आपल्या कामठीचे बाबू हरदास १९३९ साली क्षयाने गेले, ऐन पस्तिशीत. त्यांनी रूढ केलेला 'जय भीम' आपण रोज उच्चारतो. अंथरुणावरचे मरण हलके असते काय?"

"हलकं नाई," त्या म्हणाल्या. "चार वर्सं मी पाह्यलं, हलकं नाई. पन त्याइले ते लढाई वाटत नोती. आजार म्हनजे आजार, त्यात काय मोठं, असं म्हनत. त्याइनं जे मोठं नाई मानलं, त्याची पाटी मी कशी लावू?"

ठराव मागे घेण्यात आला. तो मागे घेतला गेला हे योग्यच झाले, असे आम्ही अजून मनापासून म्हणू शकत नाही. शंभर वर्षांनी कोणी या शाळेचा इतिहास लिहावयास बसला तर त्याला कागदोपत्री काय सापडेल, हा प्रश्न आम्हांला सोडत नाही. वहीचे ते एक पान सापडेल, त्यावर सही आहे, बस. पासपोर्ट त्यांच्या घरी आहे. त्यावर एकही शिक्का नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह आणि वाचनालय जोडण्यासाठी मधली भिंत फोडावी लागली. सुट्टी संपवून मुले परतली तेव्हा विटांचा ढीग अंगणातच होता. गिलाव्याखाली आणि चुन्याच्या थरात चौदा वर्षे दडलेले खळगे उघडे पडले होते आणि प्रत्येक अखंड विटेवर तोच आकडा होता. सहावीतील एक मुलगी एक वीट दोन्ही हातांनी उचलून वर्गात घेऊन आली. सुभेदारसाहेब गेल्यानंतर तिचा प्रवेश झालेला. तिने त्यांना पाहिलेले नाही.

"सर, यावर एक्केचाळीस काहून लिहिलंय?"

आम्ही वीट टेबलावर ठेवली, फळ्यावर '१ ऑक्टोबर १९४१, बेळगाव' असे लिहिले आणि त्या दिवशीचा नेमलेला धडा बाजूला ठेवून तास सुरू केला. विटा कोणाच्या, असे तास संपताना तिने विचारलेच. "एका सुभेदाराच्या," आम्ही म्हणालो. कोणत्या, असे तिचे तोंड उघडले होते, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.